आधी पंगत एक करा: गावाकडच्या मुलामुलींसाठी घरासकट आरोग्य उपक्रम कसा चालवावा

प्रश्न मंगळवेढा तालुक्यातल्या एका माध्यमिक शिक्षकांचा आहे. आठवी ते दहावीचे वर्ग. चार-सहा मुलं चांगलीच जाड, मुली मात्र बऱ्याचशा किडकिडीत, त्यातली एखादी प्रार्थनेला उभी राहिली की चक्कर येऊन खाली बसते. शाळेत व्याख्यानं झाली, तक्ते लागले, फरक काही पडला नाही. आता पालकांना घेऊन काहीतरी करायचंय, पण पालकसभेला फक्त आया येतात आणि त्याही सही करून निघतात. सुरुवात कुठून करायची?

सर, मी आहारतज्ज्ञ. सतरा वर्षं झाली, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या पट्ट्यात गावोगाव हेच काम करते. त्यामुळे आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल.

पहिल्या गावात मी आयांना सकाळी अकराला शाळेत बोलावलं. छापील आहारतक्ता हातात दिला, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, रोज एक फळ. पहिल्या दिवशी वर्ग भरला होता. पाचव्या बैठकीला तीन बायका आल्या, त्यातली एक आजी. ती तक्ता उलटासुलटा करून म्हणाली, ‘बाई, तुमचं समदं खरं हाय ओ. पण पिशवी आमच्या हातात कुठं असती? बाजार ह्यो करतो.’ आणि तिनं फाटकाबाहेर गाडीवर बसलेल्या लेकाकडे बोट केलं. मी पाच बैठका ज्यांना शिकवत होते, त्यांच्या हातात ना बाजाराची पिशवी होती ना पैसे. वर त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम मात्र मी ठेवून दिलं होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी उलटं करते. ‘पालक येत नाहीत’ असं नाही, आपण चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी, चुकीच्या माणसाला बोलावतो.

घरासकट उपक्रम हवा, हा माझा एकटीचा हट्ट नाही. अमेरिकेत लिओनार्ड एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी जाड मुलांच्या कुटुंबांवर केलेल्या कामाचा दहा वर्षांचा पाठपुरावा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलगा आणि पालक दोघांनाही सवयी बदलायला लावल्या, त्या गटातल्या मुलांचं जादा वजन दहा वर्षांनंतरही सुरुवातीपेक्षा ७.५ टक्क्यांनी कमी होतं. फक्त मुलावर काम केलेल्या गटात ते ४.५ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि कुणालाच नेमकं लक्ष्य न दिलेल्या गटात १४.३ टक्क्यांनी. ती मुलं तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान होती आणि गावं तर आपली नव्हतीच. तरी मुद्दा लागू पडतो. चौदा वर्षांच्या पोराला तुम्ही कितीही समजावलंत, घरी कढईत भजी तळली जात असतील तर तो भजीच खाणार.

पण तिकडचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नका. तिकडच्या कार्यक्रमात सगळी मुलं जादा वजनाची असतात, आपल्याकडे एकाच घरात दोन्ही टोकं सापडतात. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं वयाच्या मानानं बारीक होती, जादा वजनाची ५ टक्के. त्याच सर्वेक्षणात दहातल्या एकाची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. बारीक मुलं जास्त आणि साखर मात्र चढती, हे कोडं पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी बरंचसं उलगडलंय. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं, पण इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तर आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचा वाटा जास्त, आणि हीच चरबी पुढे साखर चढायला कारण ठरू शकते. म्हणजे तुमच्या वर्गातला हडकुळा मुलगाही निर्धास्त नाही. तेव्हा उपक्रमाच्या नावात ‘वजन’, ‘लठ्ठपणा’ असले शब्द घालूच नका. जाड पोरांना शरम वाटते आणि बारीक पोरींच्या घरच्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही.

मग हातात काय घ्यायचं? मी आता पहिले दोन महिने एकच गोष्ट घेते: रात्रीची पंगत. घरातल्या सगळ्यांनी एका वेळी बसायचं आणि ताटं एकदम वाढायची. बस.

एवढ्यानं काय होतं, असं विचाराल, म्हणून एका घरातलं सांगते. दक्षिण सोलापुरातलं एक गाव, सहा माणसं. भाऊ नववीत, जाड. बहीण सातवीत, बारीक, हिमोग्लोबिन साडेनऊ. मी संध्याकाळी त्यांच्याकडे बसून होते. आधी आजोबा, बाप आणि पोरगा बसले. पोराच्या ताटात चुरलेली भाकरी, त्यावर घट्ट आमटी, पुन्हा आमटी, मग भात, वर दूध. आई वाढत होती, बहीण पाणी देत होती. पुरुष उठले तेव्हा भगुल्यात आमटी चार बोटं राहिली होती. आईनं त्यात तांब्यानं गरम पाणी ओतलं, मिठाची चिमूट टाकली, आणि त्या पाण्यात तिघी बायका जेवल्या. पोरीनं भाकरी लाल चटणीबरोबर खाल्ली. भाऊ जाड का आणि बहीण पांढरीफटक का, हे त्या भगुल्यात दिसत होतं. कुणाचा दुष्टपणा नाही त्यात, रीत आहे.

पंगत एक केली की दोन्ही गोष्टी आपोआप सुटायला लागतात. आमटी सहा वाट्यांत एकदम वाढली जाते, पाणी घालायची वेळ येत नाही, आणि पोराला तिसऱ्यांदा वाढायला भगुल्यात काही उरत नाही. कुणाला ‘कमी खा’ म्हणावं लागत नाही. माझ्या अनुभवात घरानं हा बदल धरला की बाकीचे धरणं सोपं जातं, आणि हाच धरला नाही तर बाकीचे तक्ते भिंतीवरच राहतात. सासू-सासरे सुरुवातीला नाराज होतात. तिथं वाद घालू नका. ‘डॉक्टरांनी पोरीचं रक्त वाढवायला दोन महिने असंच करायला सांगितलंय’ एवढं म्हणा. दोन महिन्यांत सवय लागते, आणि आजोबांनाही नातीशी गप्पा मारत जेवायला आवडायला लागतं, फक्त ते तसं बोलून दाखवत नाहीत.

आता बापाचं. बाप शाळेत येत नाही, पण दूध घालायला डेअरीवर रोज दोनदा येतो. मी बैठक तिथं नेली. संध्याकाळी संकलन चालू असताना वीस मिनिटं, किटल्या रांगेत आणि माणसं कट्ट्यावर. भाषण करायचं नाही, हिशेब मांडायचा. घरात दोन पोरं, प्रत्येकाची रोज पाच रुपयांची कुरकुरीत पुडी, महिन्याचे तीनशे रुपये. सात रुपयांचं अंडं धरलं तर त्यात चाळीसेक अंडी येतात. शेतकरी माणूस आहे, हिशेब त्याला कळतो. माळकरी घर असेल (तुमच्याकडे पंढरी जवळ, बरीच असतील) तर अंड्याच्या जागी मटकी, हुलगा, शेंगदाणे, ताक. आणि हेही विचारायचं, की दूध सगळं इथं ओतताय, घरी पोरांसाठी किती ठेवलं? एका गावात यावर कट्टाभर शांतता पसरली. शेवटी एकजण म्हणाला, ‘च्यापुरतं.’ दूध डेअरीला आणि चहा पोरांना, ही आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची गोष्ट आहे. पोरामागे एक पेला ठेवा, एवढंच मागायचं. त्याहून जास्त मागू नका, दुधाच्या पगारावर घराचे हप्ते चालतात.

बाजाराच्या दिवशी बापाच्या हातात चिठ्ठी द्यायची, ती पोरानं लिहिलेली. दोन पालेभाज्या, एक कडधान्य, एक हंगामी फळ. बोरं, पेरू, चिंचा, जे स्वस्त असेल ते. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा असलेल्या घरांत मी पाहिलंय, चांगला माल गाडीत जातो आणि डागी फळं बांधावर पडून कुजतात. डाग काढून टाकला की आतले दाणे चांगले असतात, ते घरी आणायला काय हरकत आहे?

नवं काही शिकवायची गरज फारशी नाहीच. आपल्या भागाचं जेवण मुळात चांगलं आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तिथल्याच पोरांच्या डब्यात आता मैद्याची बिस्किटं दिसतात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच तंतू असतो, त्यामुळे भाकरी पोटात टिकते. शेंगाचटणीला उगाच बदनाम करू नका. दोन चमचे चटणीत शंभरेक कॅलरी आणि चार-पाच ग्रॅम प्रथिनं, बारीक पोरीला ती हवीच आहे. जाड पोरानं वाटीभर तेलात कालवून खाऊ नये, एवढंच. हुलग्याचं माडगं, शेंगोळी, तांदुळजा, घोळ, अंबाडी ही नावं आजीला सांगायला लावा. आजीला आपण नेहमी अडचण समजतो, पण पोरांसमोर तिला गुरू केलं की ती आपल्या बाजूनं उभी राहते. एक बैठक तिच्याच ताब्यात द्या.

उपवासाबद्दल तिच्याशी वाद नको. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे तीच हसत म्हणते. साबुदाण्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, तळलेल्या बटाट्याऐवजी रताळं, इथवर ती येते. वाढत्या वयाच्या, रक्त कमी असलेल्या मुलीनं कडक उपवास करू नये, हे मात्र स्पष्ट सांगावं लागतं.

साखरेवर एक प्रात्यक्षिक करा. २०० मिलीच्या थंड पेयात साधारण २० ग्रॅम साखर असते. बाटलीशेजारी वाटीत तेवढी साखर मोजून ठेवा आणि पोरांनाच चमचे मोजू द्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. २००० कॅलरीवाल्याला ते ५० आणि २५ ग्रॅम पडतं. पोरांच्या चहात दोन-दोन चमचे, दिवसाला तीन चहा, म्हणजे ३० ग्रॅम तिथंच झाले, खारी आणि टोस्ट वेगळेच. चहा बंद करा म्हटलं की कुणी ऐकत नाही. आठवड्याला पाव चमचा कमी करा, महिन्यात एका चमच्यावर येतं आणि जिभेला पत्ता लागत नाही. जेवणाला लागून चहा नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आमटीवर लिंबू पिळलं तर उलट फायदा.

शाळेबाबत एक गोष्ट तुमच्या लक्षात असेलच. आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो, नववीत गेलं की बंद. वय वाढीचं आणि दुपारचं ताट नाहीसं. तुमच्या चक्कर येणाऱ्या मुली बहुतेक नववी-दहावीतल्या निघतील. सकाळी भांडी-झाडलोट करून चहावर निघतात आणि दीड वाजेपर्यंत पोटात काही नसतं. पहिल्या आठवड्यात गाजावाजा न करता एवढंच विचारा, आज सकाळी काय खाल्लं? ज्यांचं उत्तर ‘चहा’ असेल, त्यांच्या घरी आधी जायचं. शिळी भाकरी कुस्करून ताक किंवा दुधात, एवढा नाश्ताही पुरतो. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमानं बंदी आहे. टपरीवाला गावातलाच असतो, त्यामुळे नियमाचा कागद दाखवण्याआधी त्याला शेंगदाणे-फुटाणे, केळी ठेवायला सांगून बघा. माझ्या एका गावात टपरीवालीनं उकडलेल्या शेंगा ठेवल्या आणि त्या संपायला लागल्या.

व्यायामाचं सगळ्यांना एकच सांगू नका. ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, हे खरं. पण जी मुलगी पाणी भरते, वैरण आणते, सुट्टीत कांदा लावायला जाते, तिला ‘पळ’ म्हणण्यात अर्थ नाही, तिला जेवू घाला. मात्र तिला खेळ हवा, कारण पाळी सुरू झाली की आपल्याकडे पोरींचं मैदान बंद होतं. ‘लोक काय म्हणतील’ हे एकट्या पोरीला लागू असतं, आख्ख्या गल्लीला नसतं. म्हणून आयांसकट बोलवा. जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात संध्याकाळी सहाला आया विरुद्ध लेकी असा खो-खो आम्ही लावला होता. पदर खोचून पळणाऱ्या बायका बघायला सगळा गाव गोळा झाला, आणि जिंकल्या आया. दुसऱ्या दिवशी कुणी बोलवायला गेलं नव्हतं, तरी सगळ्या हजर. मुलांसाठी सोपा उपाय, शाळेला आणि रानात जायला सायकल, बापाची गाडी नाही. एप्रिल-मेच्या उन्हात हे सगळं सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर.

झोपेचं एका वाक्यात: या वयाला ८ ते १० तास लागतात, आणि मोबाईलचा चार्जर आजीच्या खाटेजवळ लावला की निम्मी भांडणं मिटतात.

किती दिवस चालवायचं? अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ च्या मार्गदर्शनात ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष भेट असावी असं म्हटलंय. ऐकून धसका घेऊ नका. दर पंधरवड्याला दीड तासाच्या बारा बैठका म्हणजे १८ तास. चार रविवार दोन-दोन तास खेळ आणि सोबत रांधणं, झाले २६. दिवस मात्र गावाच्या घड्याळानं ठरवा. आषाढीच्या आधी सुरू करू नका, वारीत घरात कुणी भेटत नाही. वारी आटोपली की जुलैअखेर सुरुवात, दिवाळीपर्यंत सात बैठका होतात. पुढे उसाचा हंगाम लागला की तोडीला जाणारी घरं उठतात, त्यांच्यासाठी पहिल्या सात बैठकांतच मुख्य गोष्टी आटपून घ्या. उरलेल्यांच्या पाच बैठका जानेवारीअखेर संपवा, एक रविवार हुरड्याला ठेवा. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा, तेव्हा कुणाकडे काही मागू नका.

एकट्यानं करू नका. आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाची अध्यक्ष आणि भजनी मंडळातला एक वजनदार माणूस, एवढी चौकडी पुरते. सरकारी योजना आहेतच, त्या जोडून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी उंची-वजन नीट घ्यायला लावा आणि आकडे मागून घ्या. आठवड्याची निळी लोहगोळी (६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल) जेवणानंतर, तुमच्यासमोर गिळायला लावा, नाहीतर ती दप्तरात सापडते. जंतनाशक वर्षातून दोनदा. आणि मुलांना एकट्यात काही बोलायचं असेल तर शासकीय रुग्णालयातली ‘मैत्री’ क्लिनिकं त्याचसाठी आहेत.

काही गोष्टी उपक्रमात बसत नाहीत, थेट डॉक्टरांकडे. मानेची कातडी काळी, मखमलीसारखी जाड झालेली (घासून जात नाही तो मळ नसतो, त्यावरून आईनं पोराला चोपलेलं मी पाहिलंय). पाळी महिनोन्‌महिने न येणं. घोरणं आणि दिवसा पेंगणं. खूप तहान, सारखी लघवी आणि वजन उतरणं, यात तर एक दिवसही थांबायचं नाही. आणि एखादी मुलगी अचानक जेवण टाळायला लागली, तर तिच्याशी वजनाबद्दल एक शब्द न बोलता आधी समुपदेशकाची भेट.

मोजमाप सगळ्यांसमोर कधीच घेऊ नका, आकडा मोठ्यानं वाचू नका. माझी एक साधी पद्धत आहे. प्रत्येकानं आपल्या उंचीएवढी नाडी कापायची, ती दुमडून निम्मी करायची आणि कमरेभोवती गुंडाळायची. टोकं जुळली तर कंबर उंचीच्या निम्म्यात आहे, ठीक. नाही जुळली तर पोटावर चरबी साठतेय. आकडा नाही, हसू नाही, आणि बापही स्वतःला गुंडाळून बघतो. डेअरीच्या कट्ट्यावर तर बापांच्याच नाडीची टोकं जास्त उघडी राहतात. बारीक मुलींना ही नाडी काही सांगत नाही, त्यांच्यासाठी वजन, उंची आणि हिमोग्लोबिन (मुलींना १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी).

नाडी परकराची, न ताणणारी घ्या. मी पहिल्यांदा इलास्टिकचा गोल नेला होता, सगळं गाव एकदम फिट निघालं.